नेपथ्याचे नाट्य : ‘मिशन इम्पॉसिबल’ मालिका आणि तिचे चित्रपटरूप

माध्यमांतर हा विषय वर्गात निघाला की चर्चा बहुधा कादंबरीवरून चित्रपट आणि नाटकावरून चित्रपट या दोन वाटांनीच जाते. दोन्ही ठिकाणी मूळ कृती एका लेखकाची असते, तिची संहिता छापलेली असते. त्यामुळे ‘रूपांतर मुळाशी प्रामाणिक राहिले का?’ असा प्रश्न विचारताना ‘मूळ’ म्हणजे काय, याविषयी आपल्या मनात फारशी शंका नसते. दूरचित्रवाणी मालिकेचा चित्रपट होतो तेव्हा मात्र हा आधार सुटतो. मालिका अनेक वर्षे चालते, तिला पन्नास लेखकांचे हात लागलेले असतात, नट बदलतात, दिग्दर्शक बदलतात. तिच्या शेकडो भागांपैकी मूळ संहिता कोणती म्हणायची? आणि प्रामाणिक राहायचे ते कथेशी, पात्रांशी, की कथा सांगण्याच्या एखाद्या रीतीशी?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ‘मिशन इम्पॉसिबल’ या अमेरिकी हेरमालिकेइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. १९६६ ते १९७३ या काळात सीबीएस वाहिनीवर तिचे सात हंगामांत १७१ भाग प्रसारित झाले, आणि १९९६ मध्ये ब्रायन दे पाल्मा यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा चित्रपट झाला. आज हे नाव टॉम क्रूझ या नटाशी इतके एकरूप झाले आहे, की मूळ मालिकेत एकच एक नायक नव्हता, किंबहुना नायक नसणे हेच तिचे वैशिष्ट्य होते, हे सांगावे लागते. तीस वर्षांच्या या प्रवासात काय टिकले आणि कशाचा बळी गेला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका दरोड्याच्या चित्रपटातून

मालिकेचे जनक ब्रूस गेलर यांच्या डोळ्यांपुढे होता तो ज्यूल्स दासँ यांचा ‘तोपकापी’ (१९६४) हा चित्रपट. एरिक अँब्लर यांच्या ‘द लाइट ऑफ डे’ (१९६२) या कादंबरीवर तो आधारलेला आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील संग्रहालयातून रत्नजडित खंजीर चोरण्यासाठी काही माणसे एकत्र येतात. संग्रहालयाच्या जमिनीला स्पर्श झाला की धोक्याची घंटा वाजणार, म्हणून एकाला छतावरून दोरीने खाली सोडले जाते. याच दासँ यांनी त्याआधी, अमेरिकेतील राजकीय काळ्या यादीमुळे मायदेशी काम मिळेनासे झाल्यावर, फ्रान्समध्ये ‘रिफिफी’ (१९५५) हा चित्रपट केला होता. त्यातील दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग संवाद आणि संगीत या दोहोंविना घडतो. कामात बुडालेली माणसे पाहण्यात एक विलक्षण नाट्य असते, हे दासँ यांना कळले होते. गेलर यांनी ते नाट्य उचलले आणि चोरांच्या जागी सरकारी हेर आणले.

मालिकेची निर्मिती ‘देसिलू’ या संस्थेची. तिच्या प्रमुख होत्या विनोदी अभिनेत्री म्हणून घरोघर पोहोचलेल्या ल्युसील बॉल. ‘स्टार ट्रेक’ ही दुसरी गाजलेली मालिकाही याच संस्थेची, आणि दोन्हींचा आरंभ १९६६ च्या सप्टेंबरमधलाच. पुढच्याच वर्षी देसिलू विकली गेली आणि पॅरामाउंटमध्ये विलीन झाली. मालिकेचे हक्क पॅरामाउंटकडे गेले ते असे, आणि १९९६ च्या चित्रपटाची कायदेशीर वाट याच व्यवहारातून निघाली.

प्रत्येक भागाची रचना जवळजवळ कर्मकांडासारखी होती. काडी पेटते, वात जळू लागते आणि त्याच भागातील पुढे येणाऱ्या दृश्यांचे तुकडे झरझर दिसून जातात. मग पथकाचा प्रमुख एखाद्या अडगळीच्या ठिकाणी जाऊन ध्वनिफीत ऐकतो. कामगिरी स्वीकारायची की नाही हे त्याच्यावर सोपवले जाते. पकडले गेल्यास सरकार हात झटकणार, हेही सांगितले जाते, आणि ध्वनिफीत धूर होऊन नष्ट होते. त्यानंतर तो घरी बसून छायाचित्रांच्या गठ्ठ्यातून माणसे निवडतो. मग बैठक, आणि मग कामगिरी. आरंभी सगळे काही दाखवून टाकायचे आणि तरीही पुढे काय होणार याची उत्कंठा टिकवायची, हा खेळ होता. गेलर यांच्या चमूतील विल्यम रीड वुडफील्ड हे लेखक जादूच्या प्रयोगांचे जाणकार होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मालिकेचे बरेचसे भाग हे कथेपेक्षा हातचलाखीच्या प्रयोगाच्या अधिक जवळचे आहेत.

पात्र या शब्दाचा अर्थ

मराठीत ‘पात्र’ म्हणजे नाटकातील व्यक्ती, आणि पात्र म्हणजे भांडेही. या मालिकेतील माणसे दुसऱ्या अर्थाने पात्रे होती. रॉलिन हँड हा वेषांतरात निष्णात नट, सिनॅमन कार्टर ही रूपवती, बार्नी कॉलियर हा यंत्रज्ञ आणि विली आर्मिटेज हा बलदंड गडी. यांपलीकडे त्यांच्याविषयी आपल्याला काहीच कळत नाही. त्यांची घरे, त्यांची माणसे, त्यांची मते, त्यांचे भय यांना मालिकेत जागा नाही. गेलर यांचा तो नियमच होता. दर आठवड्याला या रिकाम्या भांड्यांत एक नवी भूमिका ओतली जाई. आज डॉक्टर, उद्या सेनाधिकारी, परवा कैदी.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्या परिभाषेत बोलायचे तर येथे आहार्य अभिनयाचे, म्हणजे वेषभूषा, रंगभूषा आणि उपकरणे यांचे राज्य होते आणि सात्त्विक अभिनयाला जवळजवळ मज्जाव होता. भाव दाखवायचे ते सोंगाचे. सोंगामागच्या माणसाचे नाही. आपल्या नाट्यपरंपरेत ‘नेपथ्य’ हा शब्द नटाचा वेषही सांगतो आणि तो वेष जेथे चढवला जातो ती पडद्यामागची जागाही सांगतो. ‘मिशन इम्पॉसिबल’ ही नेपथ्याची मालिका होती. तिच्यातील पथक म्हणजे एक नाटक मंडळीच. खोटी खोली उभारायची, खोटे रुग्णालय, खोटा तुरुंग उभारायचा आणि आपण नाटकात आहोत हे ठाऊक नसलेल्या एकाच प्रेक्षकासाठी प्रयोग लावायचा. १९६७ मधील ‘द ट्रेन’ या भागात जागेवरून न हलणारा रेल्वेचा डबा धावतो आहे, असा भास खिडकीबाहेर सरकती दृश्ये दाखवून निर्माण केला जातो. नेहमी कॅमेऱ्याच्या मागे राहणारी युक्ती येथे कॅमेऱ्यासमोरची कथा होते.

भाषेच्या अभ्यासकांना आणखी एक तपशील रंजक वाटेल. कथा बहुधा पूर्व युरोपातील एखाद्या नाव नसलेल्या वा कल्पित देशात घडत. तेथील पाट्या खऱ्या कोणत्याच भाषेतील नसत. इंग्रजी प्रेक्षकाला अर्थ लागावा, पण भाषा परकी वाटावी, अशी बनावट शब्दावली त्यासाठी तयार केली होती आणि चित्रीकरणाच्या मंडळींनी तिला गमतीने ‘गेलरीज’ असे नाव दिले होते. शत्रूही नेपथ्याचाच भाग होता. त्याला देश नव्हता, बोली नव्हती.

माणसे भांड्यांसारखी असण्याचे परिणाम पडद्यामागेही दिसले. पहिल्या हंगामात पथकाचा प्रमुख डॅन ब्रिग्ज होता. त्याची भूमिका करणारे स्टीव्हन हिल हे सनातनी ज्यू होते आणि शुक्रवारच्या सूर्यास्तानंतर काम करणे त्यांच्या धर्माचरणात बसत नव्हते. चित्रीकरणाचे वेळापत्रक आणि हा नियम यांचा मेळ बसला नाही. दुसऱ्या हंगामात पीटर ग्रेव्हज हे जिम फेल्प्स या नावाने प्रमुखाच्या जागी आले. ब्रिग्ज कोठे गेला, हे मालिकेने कधीच सांगितले नाही. मार्टिन लँडाउ आणि बार्बरा बेन हे दांपत्य तिसऱ्या हंगामानंतर मानधनाच्या वादातून बाहेर पडले. बेन यांना तिन्ही हंगामांसाठी सलग एमी पुरस्कार मिळालेला होता. तरीही लेनर्ड निमॉय आले, आणखी अभिनेत्री आल्या, मालिका चालत राहिली. कुटुंबकथेत असा बदल प्रेक्षक सहन करत नाहीत. येथे त्यांनी तो केला, कारण त्यांचे नाते माणसांशी नव्हते, कामाच्या रीतीशी होते.

निदान तसे वाटत होते. ग्रेव्हज यांनी सहा हंगाम तोच शांत, पांढऱ्या केसांचा, आवाज न चढवणारा प्रमुख उभा केला. सांगण्याजोगे काहीच नसलेल्या या पात्रात प्रेक्षकांनी हळूहळू एक गोष्ट साठवली, आणि ती म्हणजे विश्वास. त्याचे मोल पुढे कळणार होते.

जोडकाम, पुनरुज्जीवन आणि बदललेले जग

मालिकेचा पहिला ‘चित्रपट’ १९९६ चा नव्हे. ‘द काउन्सिल’ या दोन भागांत विभागलेल्या कथेचे भाग जोडून १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील चित्रपटगृहांत एक चित्रपट दाखवला गेला होता. त्या काळी ही रूढ युक्ती होती. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ या हेरमालिकेचे भागही असेच, अधिकची दृश्ये घालून, मोठ्या पडद्यावर आले होते. यात माध्यमांतर नव्हते. होता तो केवळ पडद्याचा आकार बदलण्याचा उद्योग.

१९८८ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप सुरू झाला, नव्या संहिता मिळेनात, आणि वाहिन्यांची नजर जुन्या संहितांकडे वळली. एबीसी वाहिनीने ‘मिशन इम्पॉसिबल’ पुन्हा सुरू केली. चित्रीकरण खर्चाच्या हिशेबाने ऑस्ट्रेलियात झाले आणि आरंभीचे काही भाग जुन्याच संहितांवर बेतले होते. ग्रेव्हज परत आले. बार्नीचे काम करणाऱ्या ग्रेग मॉरिस यांचे चिरंजीव फिल मॉरिस हे बार्नीच्या मुलाच्या भूमिकेत दिसले. हा नवा अवतार दोन हंगामांतच, १९९० मध्ये, संपला.

मधल्या काळात जग बदलले होते. परदेशी सरकारे गुपचूप उलथवण्याचा उद्योग १९६६ साली आठवड्याचे निर्मळ मनोरंजन म्हणून दाखवता येत होता. व्हिएतनाम युद्धाच्या छायेत ते अवघड होत गेले, आणि शेवटच्या हंगामांत मालिकेचा मोहरा देशातील संघटित गुन्हेगारीकडे वळला. १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने गुप्तचर संस्थांची खरी कृत्ये, परदेशी नेत्यांच्या हत्येच्या कटांसह, चव्हाट्यावर आणली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. १९९४ च्या फेब्रुवारीत सीआयएचाच अधिकारी ऑल्ड्रिच एम्स रशियासाठी हेरगिरी केल्याबद्दल पकडला गेला. ‘शत्रू बाहेर, विश्वास आत’ ही मालिकेची सरळ मांडणी आता टिकणारी नव्हती. चित्रपटाची पटकथा लिहायला बसलेल्यांसमोर हा खरा प्रश्न होता.

पटकथेची ओढाताण

क्रूझ आणि पॉला वॅग्नर यांनी स्थापन केलेल्या निर्मितीसंस्थेचा हा पहिला चित्रपट. दिग्दर्शनासाठी काही काळ सिडनी पोलॅक यांचे नाव होते. नंतर दे पाल्मा आले. अंतिम श्रेयनामावलीत कथा डेव्हिड केप आणि स्टीव्हन झेलियन यांची, पटकथा केप आणि रॉबर्ट टाउन यांची, असे दिसते. त्याआधी विलर्ड हाइक आणि ग्लोरिया कॅट्झ यांनीही एक मसुदा केला होता. एकीकडे ‘शिंडलर्स लिस्ट’चे झेलियन, दुसरीकडे ‘चायनाटाउन’चे टाउन. अशा नामवंतांच्या हातांतून जाऊनही चित्रीकरणाच्या काळात पटकथा बदलतच राहिली. आधी दृश्ये ठरायची आणि मग त्यांना जोडणारी कथा शोधायची, असे काहीसे चालले होते. मालिकेच्या लेखकांना दर आठवड्याला ठरीव साचा हाताशी होता. येथे तो साचाच मोडायला काढला होता.

मोडतोड कशी झाली ते पाहू. चित्रपट सुरू होतो कीव्हमधील एका खोलीत. एका माणसाकडून हवे ते नाव वदवून घेतले जाते, आणि मग खोलीच्या भिंती बाजूला होतात. ती खोली म्हणजे उभारलेला देखावा असतो. इथवर ही अस्सल जुनी मालिका आहे. त्यानंतर विमानात जिम फेल्प्सला कामगिरी मिळते. हवाई सुंदरी त्याला चित्रपट पाहणार का, असे विचारते आणि आपल्याला रंगभूमी अधिक आवडते, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. तो परवलीचा संवाद आहे, पण नेपथ्याच्या या कलाकाराच्या तोंडी तो शोभतो. मग प्रागमध्ये बैठक होते. आणि पहिल्या अर्ध्या तासातच सगळे पथक मारले जाते. एकाचा मृत्यू उद्वाहकाच्या वर, एकीचा सुरीने, एकीचा मोटारीच्या स्फोटात. एमिलिओ एस्तेवेझ यांच्यासारखा परिचित चेहरा श्रेयनामावलीत नाव न घालता घेतलेला आणि सर्वांत आधी संपवलेला, त्यामुळे धक्का अधिकच बसतो. उरतो तो इथन हंट, म्हणजे क्रूझ.

रूपांतराच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल. समूहाच्या मालिकेचे एका नायकाच्या चित्रपटात रूपांतर करायचे आहे, आणि ते रूपांतर कथेतच, प्रेक्षकासमोर, खून करून घडवले जाते. तारांकित नट, त्याचीच निर्मिती, त्याचेच मानधन. या व्यवहाराला सहा समान माणसांचे पथक परवडणारे नव्हते. पडद्यामागचे हे गणित पटकथेने लपवले नाही. त्याचीच घटना केली.

पहिले संकलन जॉर्ज ल्यूकस यांना दाखवले गेले, तेव्हाची एक गोष्ट दे पाल्मा यांनी सांगितली आहे. या चित्रपटाला आरंभच नाही. सगळे टेबलाभोवती बसून कामगिरी समजून घेत आहेत असे दृश्य हवे, असे ल्यूकस यांचे म्हणणे पडले आणि ते मानले गेले. मालिकेतील तो बैठकीचा विधी मोठ्या पडद्यावर अनावश्यक वाटला होता. पण तो नसेल तर पुढे जे उद्ध्वस्त होते त्याचे मोल प्रेक्षकाला कळत नाही. मोडण्यासाठी आधी मांडावे लागते, ही साधी गोष्ट जुन्या साच्याला ठाऊक होती.

फेल्प्सचा प्रश्न

पथक कोणी मारवले? जिम फेल्प्सने. मेल्याचे सोंग करून तोच हे सगळे घडवतो. मालिकेतून चित्रपटात आलेले हे एकमेव पात्र, आणि तेच विश्वासघातकी ठरते.

कथेच्या अंगाने हा निर्णय समर्थनीय आहे. शीतयुद्ध संपल्यावर निरुपयोगी झालेल्या हेराची कडवट व्यथा फेल्प्सच्या तोंडी येते. ज्या लढ्यासाठी आयुष्य घालवले तो संपला, आपल्यावाचून राज्य सुरळीत चालले आहे, हाती उरले ते फसलेले लग्न आणि बेताचा पगार, असे तो सांगतो. मालिकेने ज्याला कधीही खाजगी आयुष्य दिले नाही, त्याला चित्रपटाने पहिल्यांदाच अंतरंग दिले, आणि ते असे निघाले. रिकाम्या भांड्यात एवढी वर्षे काय साचत होते, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे.

परंतु पात्राची दुसरी बाजूही आहे. फेल्प्सची भूमिका ग्रेव्हज यांना देऊ केली होती; तो देशद्रोही ठरणार हे कळल्यावर त्यांनी ती नाकारली आणि ती जॉन व्हॉइट यांच्याकडे गेली. ग्रेग मॉरिस चित्रपट संपण्यापूर्वीच चित्रपटगृहातून उठून गेले, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. लँडाउ यांनी पुढे सांगितले, की एका आरंभीच्या मसुद्यात जुन्याच पथकातील एकेकाला संपवायचे घाटत होते आणि त्याला त्यांचा विरोध होता. त्यांच्या मते मालिका हा बुद्धीचा खेळ होता. कोणाला पत्ता लागू न देता आत जाऊन बाहेर येणे हे तिचे सूत्र होते, आणि चित्रपट मात्र साहसपट झाला.

या तिघांचा आक्षेप ‘जुन्या नटांची हळहळ’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तो तसा नाही. मालिकेला एक लेखक नसतो. म्हणूनच तिच्या पात्राचा सांभाळ लेखकापेक्षा नटाने अधिक केलेला असतो. संहितेत फेल्प्सच्या स्वभावाविषयी फारसे काही नव्हते. जे होते ते ग्रेव्हज यांच्या आवाजात आणि उभे राहण्यात होते. कायद्याने पात्र पॅरामाउंटचे, पण त्यातला विश्वास ग्रेव्हज यांनी भरलेला. चित्रपटाचा धक्का बसतो तो याच विश्वासाच्या जोरावर. प्रमुखाला दुसरे एखादे नाव दिले असते तर कथा तशीच राहिली असती, धक्का मात्र बसला नसता. दुसऱ्याने जमवलेली ही ठेव होती. चित्रपटाने ती वापरली, आणि ज्याने जमवली त्याने नकार दिल्यानंतरही वापरली. रूपांतरकाराला हा अधिकार आहे का? कायदा ‘आहे’ म्हणतो. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे, असे वाटते.

उगमाकडे

मग चित्रपटाने मुळाशी असलेले सगळेच नाते तोडले का? तसे म्हणता येत नाही. लँगलीच्या सीआयए मुख्यालयातील तिजोरीवजा खोलीचा प्रसंग पाहावा. या खोलीत आवाज चालत नाही, तापमान वाढून चालत नाही, जमिनीला स्पर्श चालत नाही. इथन छतावरून दोरीने खाली उतरतो. पार्श्वसंगीत थांबते. घामाचा एक थेंब आणि वरून निसटलेली एक सुरी, एवढ्यावर सगळा ताण तोललेला आहे. दासँ यांच्या दोन्ही चित्रपटांना केलेले हे उघड अभिवादन आहे. गेलर यांनी ज्या झऱ्यातून पाणी घेतले, तीस वर्षांनी दे पाल्मा त्याच झऱ्यापाशी गेले. मालिकेची पात्रे त्यांनी मोडली, पण कामात बुडालेल्या माणसाकडे शांतपणे पाहण्याची तिची रीत त्यांनी जपली, आणि छोट्या पडद्याला न परवडणाऱ्या भव्यतेने जपली.

या प्रसंगाची पडद्यामागची हकिकत साधी आणि सुंदर आहे. दोरीवर लोंबकळणाऱ्या क्रूझ यांचा तोल जमिनीजवळ येताच जाई आणि डोके खाली आपटे. शेवटी त्यांनी चित्रीकरण करणाऱ्यांकडून ब्रिटिश नाणी मागून घेतली, बुटांत भरली आणि त्या वजनाने तोल साधला. एवढ्या खर्चिक चित्रपटातला सर्वांत लक्षात राहिलेला क्षण खिशातल्या चिल्लरीवर तोललेला होता. बार्नी कॉलियरला ही युक्ती आवडली असती.

शेवटाविषयी मात्र दिग्दर्शक आणि लेखक यांच्यात एकमत नव्हते. टाउन यांचा कल रेल्वेच्या डब्यातील बोलण्यातून मुखवटे उतरावेत आणि तेथेच थांबावे, याकडे होता. दे पाल्मा यांना धावत्या गाडीच्या टपावरचा पाठलाग हवा होता, आणि तोच झाला. तो पाठलाग मुख्यतः लंडनजवळच्या पाइनवुड चित्रपटगृहनगरीत, प्रचंड वाऱ्याची यंत्रे लावून चित्रित केला गेला. मागे धावणारा प्रदेश नंतर जोडला. १९६७ च्या ‘द ट्रेन’ या भागाशी याचे नाते चटकन ध्यानात येते. तेथेही गाडी जागेवरच होती. फरक एवढाच, की तेव्हा फसवला जाणारा प्रेक्षक कथेतला होता आणि युक्तीत आपण सामील होतो. १९९६ मध्ये फसवले जाणारे आपण झालो. नेपथ्य पुन्हा पडद्यामागे गेले.

शब्द एक, दृश्य दुसरे

अभ्यासकांनी आवर्जून पाहावा असा प्रसंग लंडनच्या रेल्वे स्थानकातील भेटीचा आहे. मेलेला समजलेला फेल्प्स इथनसमोर बसून, घातपात किट्रिज या सीआयए अधिकाऱ्याने केला, असे सांगतो. इथन त्याला दुजोरा देतो, तपशीलही भरतो. पण त्याच वेळी पडद्यावर इथनच्या मनात उलगडणारी दृश्ये दिसतात, आणि त्यांत प्रत्येक खून फेल्प्सने घडवलेला असतो. शब्द खोटे बोलतात, प्रतिमा खरे सांगतात. फेल्प्सला शब्द ऐकू येतात. प्रतिमा फक्त आपल्याला दिसतात.

येथे मालिकेची पद्धत उलटी होते. मालिकेत प्रेक्षक पथकाच्या सोंगात सामील असे, पथकाच्या मनात त्याला प्रवेश नसे. येथे प्रेक्षक थेट एका मनाच्या आत आहे. सात्त्विक अभिनयाला मज्जाव असलेल्या प्रकारात अंतरंग शिरले ते असे, संवादातून नव्हे, संकलनातून. माध्यमांतराने काही कमावले असेल तर ते या काही मिनिटांत. पुढे गाडीत फेल्प्स उघडा पडतो तेव्हा जुन्या ध्वनिफितीतील सकाळचे अभिवादन त्याच्या वाट्याला येते. विश्वासाची खूण असलेले शब्द आरोपपत्र होतात.

संगीतातही असाच एक छोटा बदल आहे. लालो शिफ्रिन यांची मूळ धून पाच मात्रांची, म्हणून किंचित लंगडत, अस्वस्थ करत जाणारी. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी लॅरी मलन आणि ॲडम क्लेटन यांनी तिचे नृत्यगीत केले, तेव्हा तिची चार मात्रांवर नाचता येईल अशी बांधणी केली. ते अफाट खपले. मात्र चित्रपटात डॅनी एल्फमन यांनी मूळ पाच मात्रांची चाल राखली. बाजाराला काय द्यायचे आणि स्वतःकडे काय ठेवायचे, याचा हा नेमका हिशेब वाटतो.

उरलेले देणे

२२ मे १९९६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने जगभर पंचेचाळीस कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. २०२५ पर्यंत या मालेत आठ चित्रपट झाले. पुढच्या चित्रपटांत पथक हळूहळू पुन्हा जमले, हेही नोंदवायला हवे. एकट्या नायकाला सोबती लागलेच.

आठव्या, ‘द फायनल रेकनिंग’ या चित्रपटात दोन जुन्या खुणा परत येतात. इथनच्या मागावर असलेला ब्रिग्ज नावाचा अधिकारी वस्तुतः जिम फेल्प्सचा मुलगा निघतो. मालिकेने निरोपाविना घालवलेला ब्रिग्ज आणि चित्रपटाने बदनाम केलेला फेल्प्स, दोघांची नावे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. दुसरी खूण विल्यम डनलोची. लँगलीच्या त्या खोलीत काम करणारा हा साधा कर्मचारी. इथनच्या पराक्रमाची शिक्षा म्हणून त्याची १९९६ मध्ये अलास्काला रवानगी झाली होती आणि प्रेक्षक हसले होते. एकोणतीस वर्षांनी तोच नट, रॉल्फ सॅक्सन, त्याच भूमिकेत येतो आणि त्या दिवशी टेबलात रुतलेली सुरी इथनला परत करतो. त्याच्या मनात राग नाही; त्या दूरच्या जागी त्याला संसार मिळाला.

सुरी परत आली, हे चांगले झाले. ग्रेव्हज २०१० मध्ये आणि लँडाउ २०१७ मध्ये गेले; त्यांचा आक्षेप मात्र कोणत्याही उत्तरभागाने मिटलेला नाही. चित्रपट मालिकेच्या रीतीशी प्रामाणिक राहिला आणि तिच्या माणसाशी राहिला नाही. रूपांतराविषयी वर्गात बोलताना ‘प्रामाणिक होते की नव्हते’ असे एका दमात विचारण्यापेक्षा ‘कशाशी होते, आणि त्याची किंमत कोणी मोजली’ असे विचारून पाहायला हरकत नाही.